'इन्सफिशियंट' म्हणजे कशासाठी अपुरं?

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी ठळक अक्षरांकडे जाते. तिथे 'इन्सफिशियंट' हा शब्द दिसला की घरात चर्चा सुरू होते. मोबाईलवर अर्थ मिळतो, 'अपुरा'. तो बरोबर आहे, पण अर्धाच. घरात 'पीठ अपुरं पडलं' असं कोणी म्हटलं, तर किती माणसांच्या भाकरीसाठी, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. रिपोर्टमधल्या शब्दाला हा संदर्भ नसतो. म्हणून माझं सांगणं आहे की हा शब्द वाचल्यावर आधी विचारा, "कशासाठी अपुरं?"

सर्वात जास्त घबराट व्हिटॅमिन डीमुळे होते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅमच्या खाली 'डेफिशियंट' आणि २१ ते २९ 'इन्सफिशियंट' अशी विभागणी केली. बऱ्याच लॅब आजही तेच आकडे छापतात. पण त्याच सुमारास अमेरिकेतल्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने २० ही पातळी जवळजवळ सर्वांच्या हाडांसाठी पुरेशी ठरवली होती. पुढे २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेही आपली जुनी विभागणी मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये असं सांगितलं. म्हणजे २६ आकडा असलेला, रोज रंकाळ्यावर फिरणारा धडधाकट माणूस केवळ त्या शब्दामुळे आजारी ठरत नाही. हाडं ठिसूळ झालेले, किडनीचे किंवा अन्नशोषणाचे आजार असलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावं. पण शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ६०,००० युनिटची पाकिटं महिनोन्‌महिने घेऊ नयेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. ते फार वाढलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान लागणं असे त्रास होतात आणि किडनीलाही इजा होऊ शकते.

किडनीच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं घडतं. 'रीनल इन्सफिशियन्सी' हे शब्द ऐकायला सौम्य वाटतात. "किडनी फेल नाही ना? थोडी कमी चालते एवढंच," असं म्हणून कागद फाईलमध्ये जातो. इथे अपुरं पडतंय ते रक्त गाळण्याचं काम. ईजीएफआर हा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा दीर्घकालीन आजार असतो. सुरुवातीला त्रास काहीच जाणवत नाही, आणि उपचारांचा फायदा तेव्हाच सर्वाधिक असतो. साखर आणि बीपी ताब्यात ठेवणं, लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं, मेडिकलमधून मनाने पेनकिलर न आणणं, एवढ्यानेही आजाराचा वेग बराच कमी होऊ शकतो. हा शब्द कितीही मवाळ वाटला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तिसरा प्रकार म्हणजे 'सॅम्पल इन्सफिशियंट'. हा तुमच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही. नळीत रक्त कमी आलं किंवा सुईने गाठीतून पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण गाठीच्या तपासणीत असा शेरा आला की काहीजण "म्हणजे काही निघालं नाही" असं समजून निश्चिंत होतात. हा समज महागात पडू शकतो. काही निघालं नाही असं नसून अजून काही कळलेलंच नाही. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची की दुसरी करायची, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

एकाच शब्दाने एका ठिकाणी नाहक घाबरायला होतं, दुसरीकडे गाफील राहायला होतं आणि तिसरीकडे खोटा दिलासा मिळतो. डॉक्टरांनीही रिपोर्ट वाचून 'थोडं कमी आहे' एवढं म्हणून थांबू नये, असं मला वाटतं. काय कमी आहे, कशासाठी कमी आहे आणि आता काय करायचं, या तीन गोष्टी मराठीत समजावून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा हे तीन प्रश्न जरूर विचारा.