तांडा रिकामा असताना मतदान

राजकीयदृष्ट्या जालन्याइतका जागा जिल्हा आज महाराष्ट्रात दुसरा दाखवता येणार नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत उपोषणस्थळी लाठीहल्ला झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला. पुढच्या जूनमध्ये त्याच तालुक्यातील वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. १३ मे २०२४ च्या लोकसभा मतदानात पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे एक लाखाहून अधिक मतांनी पडले. मराठा आंदोलनातून पुढे आलेल्या मंगेश साबळे या अपक्षाने दीड लाखावर मते घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये बंजारा समाजाचा मोर्चा जालना शहरात निघाला, धनगरांचे उपोषणही इथेच झाले. जातीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरण्यात हा जिल्हा कोणाला हार जाणारा नाही. पण मोर्चातला माणूस मतदानाच्या दिवशी गावात असतोच असे नाही, आणि कोण नसतो हे पाहिले की चित्र पालटते.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळी उरकली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेला एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जातो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. तांड्यावर राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडे. या टोळ्यांत बंजारा आहेत, वंजारी, मातंग, बौद्ध, धनगर आहेत, कोरडवाहू मराठाही आहे. तरीही भार सगळ्यांवर सारखा नाही. पाण्याखालची जमीन कोणाकडे आणि माळरान कोणाकडे, हे जातीने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. याच जिल्ह्यातून जायकवाडीचा डावा कालवा वाहतो, इथेही ऊस पिकतो, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे; आणि याच जिल्ह्यातली माणसे दुसऱ्याचा ऊस तोडायला परमुलखात जातात.

आता निवडणुकांच्या तारखा पाहा. जालना जिल्हा परिषदेचे मतदान १६ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले. ग्रामपंचायतींचे मोठे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी आणि त्यानंतर १८ डिसेंबर २०२२ रोजी. तिन्ही तारखा ऐन गळीत हंगामातल्या. विधानसभा निवडणुका २००९, २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरमध्ये झाल्या, तेव्हा टोळ्या बहुतेक घरी होत्या. २०२४ मध्ये हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले आणि मतदान आले २० नोव्हेंबरला. त्या निवडणुकीत घनसावंगीचा निकाल अडीच हजारांहून कमी मतांनी लागला. लोकसभेचे मतदान मात्र एप्रिल-मेमध्ये होते. म्हणजे दिल्लीला कोण जावे हे ठरवताना ऊसतोड मजूर घरी असतो. तांड्यावर टँकर कोण पाठवणार, शाळेची खोली कोण बांधणार हे ठरवताना तो दोन-तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतो.

कोणी मुद्दाम हे घडवले असे आम्ही म्हणत नाही. पण हंगामाच्या तारखा मंत्रालयातच ठरतात, त्यामुळे कोणाला माहीत नव्हते असेही म्हणता येणार नाही. उमेदवारांना तर पक्के माहीत असते. चुरशीची लढत असली की रातोरात गाड्या फडावर पोहोचतात, मजुरांना आणून मतदान करवले जाते आणि पुन्हा नेऊन सोडले जाते. गाडी ज्याची, मत त्याचे. त्यातही टोळी हलते ती मुकादमाच्या शब्दावर, आणि तोच उचलीचा हिशेब ठेवणारा. कर्ज ज्याचे अंगावर आहे त्याच्या गाडीत बसून केलेल्या मतदानाला गुप्त मतदान म्हणायचे, तर म्हणा.

कायदा कागदावर मजुराच्या बाजूने आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. त्याच नावाच्या १९५१ च्या कायद्याचे कलम १३५-ख मतदानासाठी पगारी सुट्टी देते, रोजंदारीवरच्या कामगारालाही. पण इथे पगार टनावर मिळतो आणि मालक नेमका कोण याचे उत्तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवून देतो. एक दिवस गैरहजर राहिले तर खाडा, म्हणजे दंड, पडतो आणि तो उचलीत चढतो. मत द्यायला स्वतःच्या खर्चाने गावी यायचे तर प्रवासाचे पैसे, दोन दिवसांची तोड आणि वर खाडा. एवढी किंमत शहरातल्या किती सुशिक्षितांनी मोजली असती?

म्हणूनच ‘मतदार जागृती’चे रथ तांड्यावर फिरवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापूर्वी कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहून कमी लोकांची मतदार म्हणून नोंद होती. दोन वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. दोन वर्षांत माणसे अचानक जागृत झाली नव्हती. वाटेतले अडथळे निघाले होते. आपल्याकडे तर गरीब मतदार हौसेने रांगेत उभा राहतो, हे प्रत्येक निवडणुकीत दिसते.

यात आणखी एक मेख आहे. विमुक्त आणि भटक्या समाजांना विधानसभेत एकही राखीव जागा नाही. जिल्ह्यात बदनापूर अनुसूचित जातींसाठी राखीव. उरलेल्या चारही मतदारसंघांत २०२४ साली मराठा समाजाचेच आमदार निवडून आले. शिक्षण आणि नोकऱ्यांत विमुक्त-भटक्यांसाठी वेगळी टक्केवारी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र ते ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग’ या एकाच २७ टक्क्यांच्या खात्यात, संख्येने आणि जमिनीने बळकट अशा इतर जातींच्या बरोबरीने उभे असतात. बंजारा माणसाला सत्तेत शिरायला उघडे असलेले दार एवढेच, आणि ते उघडते तो गावात नसताना.

उपाय अवघड नाहीत. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत मतदान केंद्रे उभी राहतात. परगावच्या मतदारासाठी एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे यंत्र केंद्रीय निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायचे ठरवले होते. विरोधकांच्या शंकांपुढे ते अडले. शंका रास्तही असतील. पण गावच्या निवडणुकांना यंत्राचीही गरज नाही, त्यांच्या तारखा राज्य निवडणूक आयोगाच्या हाती आहेत. मुदतीचे बंधन आहे, असे उत्तर येईल. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जालना जिल्हा परिषद वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिली, तेव्हा हे बंधन कोणाला आठवले नव्हते.

राज्य निवडणूक आयोगाने स्थलांतराच्या तालुक्यांत नोव्हेंबर ते मार्च या काळात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचे मतदान ठेवू नये. विधानसभा त्या काळात आलीच, तर मजुरांना आणण्या-नेण्याचा खर्च कारखान्यांवर टाकावा आणि त्या दिवसाचा खाडा बेकायदा ठरवावा. साखर आयुक्तांना गाळप परवाना देतानाच ही अट घालता येईल. मतदार याद्यांच्या तपासणीकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, त्यांत ‘कायमचे स्थलांतरित’ असा शेरा मारलेल्यांचा वाटा मोठा होता. जालन्यात घराला कुलूप पाहून असा शेरा मारला गेला, तर तांडेच्या तांडे यादीतून जातील. अशी पडताळणी टोळ्या गावात असतात त्या मे ते सप्टेंबर या महिन्यांतच करावी, असे जिल्ह्यातील पाचही आमदारांनी आयोगाला लेखी कळवावे आणि ते पत्र लोकांपुढे ठेवावे.