गरम कुंडातला जीवाणू आणि पत्र्याखालचे इन्सुलिन

उन्हाळा लागला की आमच्या कुळगाव-बदलापूरचे नाव बातम्यांत येते. पारा चाळिशी ओलांडतो. बातमीतला पारा सावलीतला असतो. वस्तीतल्या पत्र्याखाली त्याहून जास्त तापते, हे कळायला आम्हाला यंत्र लागत नाही. दुपारी मांडणीतल्या भांड्याला हात लावला तरी चटका बसतो. माणूस निदान उठून झाडाखाली जाऊन बसतो. फळीवर ठेवलेली औषधे कुठे जाणार?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो वस्तीतल्या एका मावशींमुळे. बरीच वर्षे मधुमेह, रोज इन्सुलिनचे इंजेक्शन. घरात फ्रीज नाही. इन्सुलिनची बाटली पत्र्याच्या भिंतीला टेकलेल्या फळीवर, देव्हाऱ्यासारखी जपून ठेवलेली. पथ्य पाळत होत्या, डोस चुकवत नव्हत्या, तरी एप्रिलमध्ये साखर उतरेना. कोणी म्हणाले, औषध लागू पडत नाही. कोणी म्हणाले, वज्रेश्वरीला जा, गरम कुंडात आंघोळ करा, गुण येईल. मावशींची जायची तयारीही झाली होती. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "बाटली ठेवता कुठे?" नवी बाटली आली, ती माठात राहू लागली आणि साखर हळूहळू आटोक्यात आली.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीकाठची ठिकाणे आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहेत. तिथले पाणी का तापते? पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्यात चमत्कार नाही. गरम पाण्याने दुखरे सांधे थोडा वेळ मोकळे होतात, हे खरे. पण रक्तातली साखर कुंडात उतरत नाही. उलट जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजतात. ती जखम लवकर भरत नाही. म्हणून मधुमेहाच्या माणसाने अशा कुंडात पाय घालू नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

तरीही गरम झऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे, आणि ते विज्ञानाने शिकून घेतले आहे. जगभरच्या गरम झऱ्यांत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू राहतात. आइसलँड देशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या गरम झऱ्यांत असाच एक जीवाणू सापडला. त्याचे नाव ऱ्होडोथर्मस मरिनस. ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो सर्वात जोमाने वाढतो. तेवढ्या गरम पाण्यात आपला हात क्षणभरही टिकणार नाही.

तो जगतो कसा? उष्णता वाढली की तो आपल्या पेशीत एक छोटा, पाण्यात विरघळणारा पदार्थ साठवतो. त्याला मॅनोसिलग्लिसरेट म्हणतात. मॅनोज नावाची साखर आणि ग्लिसरेट नावाचे आम्ल जोडून तो बनतो. हे जोडकाम करणारे एक एन्झाइम त्या जीवाणूत असते. एन्झाइम म्हणजे पेशीतला कारागीर: स्वतः खर्ची न पडता तेच काम पुन्हा पुन्हा करणारे प्रथिन. पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या एन्झाइमचे गुण तपासून प्रसिद्ध केले. ते सर्वात जास्त वेगाने काम करते ८५ ते ९० अंशांना. अंड्याचा पांढरा भाग ८० अंशांपर्यंत शिजून घट्ट होतो. तोही प्रथिनांचाच असतो. म्हणजे ज्या उष्णतेत अंडे उकडते, त्या उष्णतेत हा कारागीर खरा कामाला लागतो.

पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हाच पदार्थ बनवायचे या जीवाणूकडे दोन मार्ग आहेत. उष्णता वाढली की एका मार्गाचे एन्झाइम वाढते, पाण्यातले मीठ वाढले की दुसऱ्या मार्गाचे. संकट ओळखून बंदोबस्त. तयार झालेला पदार्थ पेशीतल्या प्रथिनांची घडी मोडू देत नाही. प्रयोगशाळेत तो दुसऱ्या प्रथिनांत मिसळला, तर तीही उष्णता जास्त वेळ सोसतात.

आता मावशींच्या बाटलीकडे या. इन्सुलिन हेही प्रथिनच आहे. फार तापले तर त्याची घडी बिघडते, कण एकमेकांना चिकटतात आणि औषधाची ताकद जाते. बाटलीतल्या औषधाला त्या जीवाणूसारखी स्वतःची ढाल बनवता येत नाही. ती माणसाने द्यायची असते: कारखान्यात औषध बनवताना, नाहीतर घरी ते ठेवताना.

कारखान्यात ते जमते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनआफ्रिव्हॅक ही लस बनवली. २०१० मध्ये ती तिकडे द्यायला सुरुवात झाली. ती कोरड्या भुकटीच्या रूपात असते आणि तिच्यात रक्षक म्हणून सुक्रोज, म्हणजे आपली चहातलीच साखर, आणि मॅनिटॉल असते. २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाशिवाय नेण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी बेनिन देशात ती तशी नेऊन हजारो लोकांना दिली गेली. बर्फ पोहोचत नव्हता त्या गावांत लस पोहोचली. गरिबाच्या घरचे ऊन ध्यानात घेऊन औषध बनवता येते, हे यातून सिद्ध झाले.

मग हा विचार प्रत्येक औषधाबाबत का होत नाही? इन्सुलिनच्या खोक्यावर लिहिलेले असते: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा. ही सूचना फ्रीज असलेल्या घरासाठी लिहिलेली आहे. फ्रीज नसलेल्या घराने काय करावे, ते त्यावर नसते. केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतले तापमान लक्षात घेऊन शास्त्रज्ञांनी इन्सुलिन तपासले. २०२१ मध्ये त्यांनी सांगितले की तापमान २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहिले, तरी चार आठवडे त्याची ताकद टिकते. म्हणजे फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन नाकारायचे कारण नाही. घात होतो तो त्याहून जास्त तापल्यावर, आणि आमचा पत्रा तिथेच तापतो.

म्हणून आमच्या तीन गोष्टी.

पहिली घरासाठी. इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती डबी माठाच्या गारव्यात ठेवा. माठाभोवती ओले फडके गुंडाळा. पत्र्याजवळ, उन्हात, टीव्हीवर किंवा चुलीशेजारी बाटली नको. फ्रीज असला तरी बर्फाच्या खणात कधीच नको, कारण गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले तर वापरू नका. साखर उतरली नाही तर मनाने डोस वाढवू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना बाटली कुठे ठेवता तेही सांगा.

दुसरी विहारासाठी. प्रत्येक वस्तीतल्या विहारात औषधांसाठी एक फ्रीज असावा, आणि वीज गेली तर हाताशी माठ असावा. डबीवर नाव लिहून ज्याची त्याने ठेवावी. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली तर हे होण्यासारखे आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने गाठले होते. त्यांच्या नावाने जमलेला पैसा कुणाचे इन्सुलिन जपण्यासाठी खर्च झाला, तर तो योग्य ठिकाणी लागला असेच आम्ही म्हणू.

तिसरी नगरपालिका आणि सरकारसाठी. औषध खरेदी करताना ते किती उष्णता सोसते, हे विचारा आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा. आपणही विचारायला शिकले पाहिजे. बाळाला लस देण्याआधी बाटलीवरचे वर्तुळ पाहा. त्यातला आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असला तर लस उष्णतेपासून सुरक्षित राहिली आहे. दोन्ही रंग सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला तर ती लस चालत नाही. हे नर्सताईंना विचारण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

मावशी यंदा वज्रेश्वरीला गेल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या दोन घरांत माठ मात्र लावून दिले.