महूचे जंक्शन आणि मनमाडचा हिशेब

महूच्या रेल्वे स्थानकावर आज 'डॉ. आंबेडकर नगर' अशी पाटी आहे. १४ एप्रिलला महाराष्ट्रातून लाखो लोक ज्या भूमीवर माथा टेकायला जातात, त्या भूमीचे हे स्थानक. आता ते जंक्शन होणार आहे. एक रूळ इंदूरकडे, दुसरा खंडव्याकडे आणि तिसरा, नवा, थेट आपल्या मनमाडकडे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, मुदत २०२८-२९. मनमाडहून मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, पुढे सातपुडा ओलांडून सेंधवा, आणि नर्मदा ओलांडून महू. बाबासाहेबांचे जन्मगाव महाराष्ट्राला सरळ रुळाने जोडले जाणार, म्हणून आंबेडकरी जनतेला आनंद होणे साहजिक आहे. आम्हालाही तो आहे. परंतु आनंदाच्या भरात हिशेब विसरायचा नसतो, हे बाबासाहेबांनीच आम्हाला शिकवले. ते शिकवले कुठे? याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला!

आधी थोडा मागचा इतिहास. महूला जाणारी गाडी आमच्या लोकांना नवी नाही. एके काळी मीनाक्षी एक्सप्रेस नावाची मीटरगेज गाडी काचीगुड्याहून निघून पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खंडवा करीत महूवरून इंदूरकडे जाई. मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या माणसाला गाडी न बदलता जन्मभूमी गाठता येई. मग ब्रॉडगेज आले. पूर्णा-अकोला पट्टा २००८ मध्ये रुंद झाला आणि ती सरळ वाट तुटली. पुढे २०१७ मध्ये अकोला-खंडवा मीटरगेजही बंद झाली. हा मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून, या वादात वर्षे गेली. २०२३ मध्ये महूखालच्या घाटातली छोटी गाडीही थांबली. जुने रूळ उखडायला वेळ लागला नाही, नवे टाकायला मात्र दशके लागत आहेत. या दशकांत वाशिमचा शेतमजूर महूला कसा गेला? ट्रकमध्ये बसून, वर्गणीच्या जीपमधून, चार ठिकाणी गाडी बदलून गेला. जाणे त्याने थांबवले नाही.

मनमाड-इंदूर मार्गाची घोषणाही काही पहिल्यांदा झालेली नाही. २०१८ मध्ये याच मार्गासाठी दिल्लीत करार झाला, छायाचित्रे निघाली, आणि मार्ग कागदावरच राहिला. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा या सुमारे ५० किलोमीटरच्या टप्प्याचे भूमिपूजन झाले, ते लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. २०२४ ची मंजुरी आली, तेव्हा महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर होती. निवडणूक आणि रेल्वे यांचे वेळापत्रक आपल्या देशात असे जुळते, गाड्यांचे मात्र जुळत नाही! म्हणून या कामाची प्रगती मोजताना भूमिपूजनाचे नारळ मोजून भागणार नाही. जमीन किती ताब्यात आली, माती किती पडली, पूल किती उभे राहिले हे मोजावे लागेल. आणि आमच्यासाठी त्याहून महत्त्वाचे एक मोजमाप आहे. या कामात आमच्या माणसाला काय मिळाले?

आता मनमाडकडे वळू. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथे सांगितले. हे वाक्य आम्ही भाषणांतून हजारदा ऐकतो. पण त्या भाषणातला दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि आज त्याचीच गरज आहे. बाबासाहेबांनी तिथे रेल्वेचा खातेनिहाय झाडा घेतला होता. अस्पृश्य माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून, आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधे पोर्टरही होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि सवर्ण मास्तरला अस्पृश्याचा हात आपल्या घरात चालत नाही. कारकुनीसाठी मॅट्रिकची अट नव्हती, इतरांची बिगरमॅट्रिक मुले तिथे लागत होती, अस्पृश्याच्या मुलाला मात्र दार बंद. कारखान्यात तो मेकॅनिक होत नव्हता, मग फोरमन कुठला व्हायला! रूळ त्याने वाहायचे, गाडी दुसऱ्याने चालवायची, पगार तिसऱ्याने घ्यायचा.

रेल्वेतली जात बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूरच्या स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, हातात पूर्ण पैसे भरून काढलेली तिकिटे. ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी मुलांनी स्वतः बैल हाकले, गाडीवान शेजारून चालला. डब्यात तिकीट चालले, फलाटावर जात विचारली गेली. त्या मुलांपैकी एकाच्या नावाचे स्थानक आज जंक्शन होत आहे. हा काळाने घेतलेला सूड खराच, पण पाटीवर नाव लागल्याने फलाटावरची जात गेली असे समजणारा भाबडा असेल.

रेल्वेचा पहिला प्रश्न जमिनीचा. मार्ग आखला जातो तेव्हा अधिकाऱ्याच्या हातात सातबारा असतो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला भरपाई. आमच्या माणसाचे नाव तिथे असते का? नाशिक-धुळे जिल्ह्यांत महार वतनाच्या जमिनी आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली, जमिनी परत दिल्या गेल्या, पण वर्ग दोनच्या शेऱ्यासह. अनेक ठिकाणी ती जमीन दुसराच कसतो, कागद तिसऱ्याकडे असतो आणि वारसांची नोंद आजोबांवरच थांबलेली असते. भरपाईची नोटीस आली की असे वाद एका रात्रीत उभे राहतात, आणि पैसा न्यायालयात अडकून पडतो.

दुसरी जमीन गायरानाची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातले. १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, ते कसायला जमीन मिळावी म्हणून. त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे शासनाला निर्णय काढावे लागले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायची होती. किती झाली? ज्यांची झाली नाहीत ते आजही सरकारदप्तरी 'अतिक्रमक' आहेत. रेल्वेला गायरान हवे झाले तर सरकार ते सरकारलाच देईल, आणि चाळीस वर्षे ती माती कसणाऱ्या कुटुंबाच्या हाती धूळही लागणार नाही.

सातपुड्यापलीकडे वेगळी परिस्थिती नाही. बडवानी हा अनुसूचित क्षेत्रातला जिल्हा, आदिवासी बांधवांचा. तिथे प्रश्न वनहक्काच्या दाव्यांचा आहे. २००६ च्या कायद्याने दावा केला, पण निकाल नाही, अशा माणसाच्या शेतातून मोजणी गेली तर तो कोणाकडे दाद मागणार? २००२ च्या भोपाळ घोषणेच्या आगेमागे मध्य प्रदेशात चराऊ जमिनीचे पट्टे दलित-आदिवासींना वाटले गेले. कागद मिळाले, ताबा अनेकांना मिळालाच नाही. अशा जमिनीचे पैसे ताबेदार खाणार की पट्टेदाराला मिळणार?

येथे एक गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. त्या जमिनीवर तीन वर्षांपासून राबणारा आणि तिच्यावरच पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीरसुद्धा बाधित आहे. रेल्वेसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीलाही २०१५ पासून या कायद्याची भरपाईची व पुनर्वसनाची कलमे लागू आहेत. प्रकल्पातून रोजगार निर्माण होत असेल तर कुटुंबातल्या एकाला काम, नाहीतर पाच लाख रुपये एकरकमी, नाहीतर महिना किमान दोन हजार वीस वर्षे, अशी तरतूद पुनर्वसनाच्या परिशिष्टात आहे. कायदा आहे, पण मजूर स्वतः उभा राहून 'मी बाधित आहे' असे लेखी देणार नाही, तोवर यादीत त्याचे नाव कोण घालणार? गावचा पाटील? की जमिनीचा दलाल?

दुसरा प्रश्न नोकरीचा. सरकार सांगते, या कामातून १०२ लाख मनुष्यदिवस रोजगार मिळेल. आकडा ऐकून छाती दडपते. जरा भागाकार करून पाहू. चार वर्षे, वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर रोजचे मजूर होतात सुमारे साडेआठ हजार. १८ हजार कोटींच्या कामात साडेआठ हजार माणसे, तीही ठेकेदाराची! ठेकेदाराच्या हजेरीपटावर आरक्षण नसते. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. त्या आरक्षणाच्या बळावर आमची पहिली पिढी रेल्वेत कारकून झाली, गार्ड झाली, स्टेशन मास्तर झाली. मसूरच्या मास्तरच्या खुर्चीत आमचा माणूस बसला! तेच आरक्षण आज कोणी संसदेत रद्द केलेले नाही. फक्त नोकरीच ठेक्यावर गेली. सफाई ठेक्यावर, पार्सल ठेक्यावर, बांधकाम ठेक्यावर. दार उघडेच ठेवले, घर मात्र दुसरीकडे हलवले. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलेले दोन्ही शत्रू या एका ठेक्यात हात मिळवून उभे आहेत.

काहीजण म्हणतील, रेल्वे सगळ्यांची आहे, तिच्यात जात कशाला आणता? १९३८ मध्येही हाच आक्षेप होता. अस्पृश्य कामगारांची वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, असे तेव्हाचे कामगार पुढारी म्हणत होते. बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते. फूट पाडतो तो जातीचा लाभ घेणारा कामगार, अन्यायाची मोजदाद करणारा नव्हे. आम्ही रेल्वेच्या विरोधात नाही. मालेगावचा यंत्रमाग कामगार, शिरपूरचा आदिवासी, धुळ्याचा कांदा पिकवणारा छोटा शेतकरी, सर्वांना ही गाडी हवी आहे. तीस नवी स्थानके आणि एक हजार गावे जोडणारा मार्ग लवकर व्हावा, हीच आमची इच्छा. पण तो आमच्या अंगावरून जाऊ नये.

म्हणून मार्गावरच्या प्रत्येक गावातल्या शाखेने, बुद्ध विहाराने, तरुण मंडळाने चार कामे आत्ताच हाती घ्यावीत. पहिले, गावातील वतनी व गायरान जमीन कसणाऱ्यांची यादी करून वारसनोंदी तलाठ्याकडून पूर्ण करून घ्याव्यात. दुसरे, संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहावे आणि कसणाऱ्याचे नाव पंचनाम्यात लिहवून घ्यावे. तिसरे, भूमिहीन मजुरांचे अर्ज बाधित कुटुंब म्हणून लेखी दाखल करावेत आणि पोच घ्यावी. चौथे, माहितीच्या अधिकारात दर सहा महिन्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: किती कुटुंबांना भरपाई मिळाली, आणि ठेकेदाराच्या पटावर किती स्थानिक माणसे किती मजुरीवर आहेत. मूळ मालक म्हणून रेल्वे या जबाबदारीतून सुटू शकत नाही. या चार कामांना मोर्चा लागत नाही, वर्गणी लागत नाही. एक वही, एक पेन आणि वाचता येणारा एक मुलगा पुरे.

एक दिवस मनमाडहून महूची पहिली गाडी सुटेल. इंजिनाला हार घातले जातील, डब्यांवर बाबासाहेबांचे चित्र लावले जाईल, आणि ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या विचाराला विरोध केला तेही हिरवा झेंडा घेऊन उभे राहतील. त्या गाडीत आम्ही जरूर बसू. पण त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या गायरानावर ज्याची झोपडी होती तो कुठे गेला, आणि रुळाच्या कडेला घण घेऊन उभा असलेला गँगमन अजूनही आमच्याच वस्तीतला का आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या वहीत लिहिलेली असली पाहिजेत. जंक्शनला नाव बाबासाहेबांचे आहे. तिथला हिशेबही बाबासाहेबांच्याच रीतीने होईल, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

जयभीम!