गळती पाण्याची की घागरीची?

आरोग्यसेवकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा आढावा निघाला की एक शब्द हमखास कानी पडतो: गळती. इतक्यांनी नावे नोंदवली, थोडक्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, उरलेले ‘गळाले’. या शब्दातच निवाडा दडलेला आहे. घागर फुटकी असली तरी दोष पाण्याचा! शिकणाऱ्यांना आस्था नाही, चिकाटी नाही, असे एकदा म्हटले की अभ्यासक्रम रचणारा मोकळा होतो.

ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटणे ही जगभरची गोष्ट आहे, हे मान्य. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांविषयी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासक्रम उघडलाही नव्हता. २०१७-१८ मध्ये तो पुरा करणारे अवघे ३.१३ टक्के होते. पण ती नोंदणी ऐच्छिक होती. खानापूर तालुक्यातील आशा कार्यकर्तीला जेव्हा वरून आदेश येतो, तेव्हा तिला उघडपणे गळण्याचीही मुभा नसते. पडद्यावरची भाषा कळली नाही, तरी चित्रफीत शेवटपर्यंत चालते, उत्तरांवर बोट टेकवले जाते, प्रमाणपत्र निघते. अहवालात गळती शून्य! खरी गळती नेमकी येथे आहे आणि ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

तिची किंमत कोण मोजतो? दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालला तर ते धोक्याचे लक्षण. हे तिला इंग्रजीत वा अर्धवट उमगणाऱ्या राज्यभाषेत शिकवले जाते. घरची आई मात्र सांगते, ‘बाळाला धाप लागलीय, दूध ओढत नाही.’ गर्भवती सांगते, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते.’ कुणी हळूच कुजबुजते, ‘अंगावरून जातंय.’ रुग्णाच्या या बोलीशी पाठ्यक्रमातील संज्ञेची गाठ घालून देणे हेच प्रशिक्षणाचे मर्म. ती गाठ घातलीच नाही, तर शिकवले काय?

‘राज्याची भाषा शिकून घ्या’ हे उत्तर आम्हांस पाठ आहे. कन्नड शिकण्यास आमचा विरोध नाही. बाजारात, बसमध्ये, कचेरीत आम्ही ती बोलतोच. परंतु बाजारहाटापुरती भाषा येणे वेगळे आणि औषधाची मात्रा त्या भाषेत अचूक समजणे वेगळे. तेथे अंदाजाने भागत नाही.

कमी शिकलेल्या स्त्रियांना हे झेपत नाही, असेही म्हटले जाते. गडचिरोलीने हा समज केव्हाच खोटा पाडला आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तेथे शिक्षक समोर होता, शंका विचारता येत होती, पुन्हा पुन्हा सराव होत होता. नुसत्या चित्रफितीत यांतले काय उरते?

घटनेचे ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. त्याच मुली मोठ्या होऊन आरोग्यसेविका झाल्या की त्यांची भाषा कुणाच्या खिजगणतीत नसते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रशिक्षणाची भाषा राज्याने नव्हे, शिकणाऱ्याने निवडावी. आशांसाठीचे मराठी साहित्य सीमेपलीकडे महाराष्ट्रात तयार आहे. ते निपाणीत, बेळगावात, खानापुरात खुले करावे. आणि हाच न्याय जत व अक्कलकोट येथील कन्नडभाषक आरोग्यसेविकांनाही मिळावा. जो हक्क आपण मागतो, तो शेजाऱ्याला नाकारणे आपल्याला शोभणार नाही. पडद्यामागे शंका ऐकणारा माणूस असावा, आणि शिकण्यासाठी दिलेला वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा.

यापुढे कुणी गळतीचा आकडा पुढे केला, तर वाचकहो, त्यांना एकच प्रश्न विचारा: जे गळाले, त्यांना तुम्ही कोणत्या भाषेत शिकवत होता?