जुना लष्करी कोट

निवृत्त सैनिकाच्या घरी आलेल्या पाहुण्याला बहुधा पदके दाखवली जातात. चौकटीत बसवलेली, रंगीत फितींची ती पदके पाहून पाहुणा भारावतो आणि चहा घेऊन निघून जातो. गप्पा लांबल्या, दुसऱ्या चहाची वेळ झाली, की मात्र बोलणे पदकांवरून कपड्यांवर येते. भरतीच्या दिवशी मिळालेला, खांद्यात सैल आणि बाह्यांत आखूड असा कोट; पावसात भिजला की अंगावर ओझ्यासारखा वाटणारा लोकरी ओव्हरकोट; पितळी बटणे घासण्यात गेलेल्या रात्री. ऐकणारा हसतो. म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या आठवणी, असे मनाशी म्हणतो. या हसण्यात सैनिकावर नकळत अन्याय होतो, कारण कोटाविषयी बोलताना तो पुष्कळदा थंडीविषयी, म्हणजेच स्वतःच्या जिवाविषयी बोलत असतो.

अशा आठवणी पहिल्या महायुद्धापासूनच्या आहेत. 1914 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लाहोर आणि मेरठ या हिंदी डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांतील अनेक जवानांच्या अंगावर हिंदुस्थानातल्या हवेला साजेसे पातळ सुती खाकी कपडे होते आणि पुढे फ्लँडर्सच्या चिखलातला हिवाळा उभा होता. गरम कपडे पोचले, पण उशिरा. या सैनिकांची घरी जाणारी पत्रे लष्करी अधिकारी तपासत आणि त्यांतील उतारे भाषांतरित करून ठेवत. ते उतारे आजही लंडनमध्ये जतन केलेले आहेत. त्यांत लढाईइतकीच थंडी आणि पाऊस भेटतो.

स्वातंत्र्यानंतर सेनेच्या गणवेशाचा खाकी रंग जाऊन ऑलिव्ह हिरवा आला. रंग बदलला तरी उशीर करण्याची सवय बदलली नाही, हे 1962 साली दिसले. थागला पर्वतरांगेच्या पायथ्याशी, नामका चू नदीकाठी सातवी ब्रिगेड घाईने नेऊन बसवण्यात आली. तेथे पोचलेल्या अनेक जवानांकडे उन्हाळी सुती कपडे होते. 20 ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला, तेव्हा हे सैनिक कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी उभे होते. ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी युद्धकैदी झाले. सुटून आल्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात या अपुऱ्या तयारीचा हिशेब सविस्तर मांडलेला आहे. त्याच हिवाळ्यात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. त्या स्वेटरांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही घरोघरी सुया चालू लागाव्यात अशी वेळ का आली, हा प्रश्न उरतोच. त्या युद्धातून परतलेला एखादा सैनिक पुढे कधीतरी मिळालेल्या गरम कोटाविषयी फार आपुलकीने बोलतो, तेव्हा त्या आपुलकीमागे तो नसतानाच्या रात्री असतात.

एप्रिल 1984 मध्ये सियाचिनवर सैन्य उतरवण्यात आले, तेव्हाही परदेशातून मागवलेले बर्फातले खास कपडे मोहिमेच्या अगदी तोंडावर हाती आले. यानंतर व्यवस्था बरीच सुधारली, हे मान्य केले पाहिजे. पण फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंच भागांतील कपडे आणि साहित्य मिळण्यास झालेल्या विलंबावर पुन्हा बोट ठेवले गेले. म्हाताऱ्या सैनिकाची तक्रार आणि हिशेबतपासनिसाचा अहवाल एकच गोष्ट सांगत असतील, तर पहिलीकडे केवळ गप्पा म्हणून पाहणे बरे नव्हे.

अर्थात, आठवणींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असेही नाही. "जुना कोट तो जुना कोट, आताचे कापड काय कामाचे," असे म्हणणारे सैनिक पुष्कळ आहेत. खरे पाहता तो जाड लोकरी कोट ओला झाला की लवकर वाळत नसे आणि चढणीवर माणसाला दमवत असे. आजचे हलके, वारा अडवणारे कपडे जवानाच्या दृष्टीने निःसंशय चांगले. तारुण्यात अंगावर असलेली वस्तू माणसाला सुरेखच वाटते. 2022 च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश दिसला, तेव्हाही काहींना जुनाच आठवला. त्यात नवल नाही.

गावाकडे या कोटाचे दुसरे आयुष्य सुरू होते. सातारा-कोल्हापूरकडे थंडीत रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या अंगावर वडिलांचा लष्करी कोट असला, तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. कोपरावर ठिगळ असते, बटणे बदललेली असतात. कोट कामात आहे, हे चांगलेच. मात्र तो कोणी, कोठे, कोणत्या साली घातला होता, हे त्या घरातल्या पोरांना विचारले तर बहुधा सांगता येत नाही. संग्रहालयांच्या काचेआड अधिकाऱ्यांचे गणवेश असतात. साध्या शिपायाचा कोट तेथवर क्वचित पोचतो. तेव्हा हे काम घरच्यांनाच करावे लागेल. पलटणीचे नाव, ठिकाण, साल आणि त्या थंडीविषयी तो जे सांगतो ते, त्याच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला अर्धा तास पुरे. 1962 चे सैनिक आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत.