पेटीतला टेप: दुरुस्ती किती, सुधारणा किती



दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी हातात येणारी आणि पुसून पुन्हा जागेवर जाणारी एक वस्तू आपल्या बहुतेकींच्या घरात आहे: सेलवर चालणारा छोटा टेप. कुणाकडे वॉकमन, कुणाकडे हँडलवाला टू-इन-वन. तो वाजत नाही आणि टाकवतही नाही. सोबत बुटाच्या खोक्यात वीस-पंचवीस कॅसेटी. माझं म्हणणं असं आहे की यंदा चातुर्मास लागायच्या आधी ही वस्तू मार्गी लावा. दुरुस्त करून वापरात आणा, नाहीतर रीतसर निकालात काढा. तिसरा मार्ग म्हणजे पेटीत ठेवून देणं. तो आपल्या धर्मात बसत नाही.

पुष्कळजणींना उलटं वाटतं. नवा घेतला नाही, जुनाच सांभाळला, म्हणजे अपरिग्रह झाला. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, वस्तूवर जडलेल्या मूर्च्छेवरून केली आहे. जी वस्तू वापरायची नाही, कुणाला द्यायचीही नाही आणि तरी आपल्याच पेटीत हवी, तिच्यावर मूर्च्छा नाही तर दुसरं काय आहे? साधू-साध्वींकडे बघा. वस्त्रं, पात्रं, रजोहरण, सगळं मोजकं. पण जे आहे त्याचं दिवसातून दोन वेळा पडिलेहण होतं. उलटून-पालटून पाहायचं, कुठे फाटलं का, कुठे जीव बसला का. ठेवलं आहे म्हणजे त्याची जबाबदारी घेतली. आपण गृहस्थ रोज नाही, पण वर्षातून एकदा घरच्या वस्तूंचं पडिलेहण करू शकतो.

आता टेपाचं बघू. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन. जपानात सोनीने कॅसेटचा वॉकमन बनवणं २०१० साली थांबवलं. म्हणून आपण समजतो की वस्तूच संपली. पण या यंत्रात समजायला कठीण असं फार थोडं आहे. मोटर एक रबरी पट्टा फिरवते, पट्टा एक जड चाक फिरवतो, आणि त्या चाकाचा दांडा व एक रबरी रोलर मिळून फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या वेगाने हेडवरून ओढतात. पंचवीस-तीस वर्षांत सगळ्यात आधी जातो तो पट्टा. तो सैल पडला की आवाज जाड आणि रेंगाळलेला येतो. विरघळून काळा चिकटा झाला की मोटर गुणगुणते आणि चाक हलतच नाही. हेडवर मळ बसला की आवाज उशीतून आल्यासारखा येतो. आत विसरलेले सेल फुटले की पत्र्यावर पूड साचते आणि वीज पोचत नाही. म्हणजे दहातल्या बऱ्याच टेपांचं दुखणं एवढंच असतं: पट्टा, मळ, गंज. टेप मेलेला नसतो.

राळेगावसारख्या गावात आता बहुतेक दुकानं मोबाईलची आहेत. तरी रेडिओ-टीव्हीवर हात बसलेला एखादा जुना कारागीर अजून सापडतो. नाहीतर यवतमाळ, वर्धा, नागपूर आहेच. जुना पट्टा फेकू देऊ नका. नवा त्याच्याच मापाचा लागतो, आणि मापाचे पट्टे टपालाने मागवता येतात. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. एवढं काम कोणतीही बाई घरी करू शकते. शिलाई मशीन उघडून, पुसून, तेल देऊन बंद करणाऱ्या आपण, चार स्क्रूंना कशाला भ्यायचं?

कॅसेट लावण्याआधी मात्र ती उजेडात धरून बघा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. आपण पापड-लोणच्यावर फुलण येऊ नये म्हणून जी यतना ठेवतो तीच इथे लागते. अशी फीत चालवली तर जीवांची विराधना होते, आणि हेडला लागून ती दुसऱ्या कॅसेटींवरही पसरते. ती बाजूला ठेवा. बाकीच्यांवर फुलण येऊच नये म्हणून पावसाळ्याआधी कोरड्या जागी, डब्यात, उभ्या ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली किंवा खिडकीशी तर नकोच. आणि कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आधीचं पुसलं जाणार नाही.

इथवर झाली दुरुस्ती. पुढचा प्रश्न सुधारणेचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं की महसुली खर्च वेगळा आणि भांडवली खर्च वेगळा. वस्तू होती तशी चालू ठेवायला लागतो तो महसुली. वस्तूची ताकद वाढवायला लागतो तो भांडवली. पट्टा बदलला तर महसुली. त्यात ब्लूटूथ बसवलं, मोठं कार्ड घातलं, तर भांडवली. हिशेबाच्या वहीतला हा भेद मला श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताशी फार जवळचा वाटतो. त्या व्रताचं एक नाव इच्छापरिमाण आहे. दुरुस्ती गरजेला विचारून होते. सुधारणा इच्छेला विचारून होते, आणि इच्छा कधी पुरे म्हणत नाही.

मुलांच्या पिढीतलं उदाहरण घ्या. ॲपलचा आयपॉड क्लासिक २०१४ साली बंद झाला. पण जगभरचे हौशी लोक आजही त्याची बॅटरी बदलतात, आतली हार्ड डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवतात. जुनी वस्तू वाचली, हे मला आवडतं. पण मूळच्या सगळ्यात मोठ्या आयपॉडमध्ये १६० जीबी जागा होती आणि लोक त्याच्या कितीतरी पुढे जातात. एवढं कधी ऐकून होणार, हा प्रश्न तिथे उरत नाही. वस्तू जुनी राहिली, हाव मात्र नवी झाली.

म्हणून मी स्वतःसाठी दोनच सुधारणा मान्य केल्या आहेत. पहिली, पुन्हा चार्ज होणारे सेल. साधा सेल दीड व्होल्टचा असतो आणि हा १.२ व्होल्टचा, तरी बहुतेक टेप त्यावर चालतात, आणि महिन्याला फेकले जाणारे सेल वाचतात. दुसरी, घरच्या माणसांचा आवाज कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. त्यासाठी टेपाच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर आणि ऑडेसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लागतो. लॅपटॉपला आवाज आत घ्यायचं भोक नसेल तर यूएसबीचं एक छोटं साउंड कार्ड. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. साध्या एमपीथ्रीमध्ये मिनिटाला सुमारे एक एमबी, म्हणजे एका कॅसेटला नव्वदच्या आसपास. शंभर कॅसेटी उतरवल्या तरी १६ जीबीच्या कार्डात जागा उरते. त्याहून मोठं कार्ड कशाला?

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? स्तवनं तर फोनवर हवी तेवढी मिळतात. मिळतात, खरं आहे. पण कोणती? वाद्यवृंदाची, सिनेमाच्या चालीवरची. आमच्याकडे सासूबाईंनी म्हटलेल्या ढाळींची एक कॅसेट आहे. मागे भांड्यांचा आवाज, मध्येच कुणीतरी पाणी मागतं, आणि त्या न थांबता पुढची कडी म्हणतात. शब्द पुस्तकात छापलेले आहेत. चाल कुठेही छापलेली नाही. ती राजस्थानातून आलेल्या त्यांच्या आजीकडून त्यांना आली, त्यांच्याकडून मला अर्धीमुर्धी, आणि माझ्या सुनेला ती येत नाही, कारण आता एकत्र बसून म्हणणं होत नाही. ती चाल जगात त्या एका फितीवर आहे. तुमच्या बुटाच्या खोक्यातही अशी एखादी नक्की असेल, वर काही न लिहिलेली.

हाही मोहच नाही का, असं विचारलं तर प्रश्न रास्त आहे. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकून रडत बसलं तर मोहच. पण तो ऐकून नातीने ढाळ पाठ केली तर ते श्रुत पुढे नेणं आहे. आपले आगम शेकडो वर्षं कंठस्थ होते. स्मरण कमी होत चाललं तेव्हा, वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी, देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभीला ते लिहून घेतले. लिहिणं हा तेव्हाही साधूंसाठी जास्तीचा व्यापच होता. तरी तो पत्करला, कारण विसरण्याने होणारं नुकसान मोठं होतं. आपलं काम त्यापुढे कणाएवढं आहे, पण कारण तेच आहे.

एक खुलासा. सामायिकात यंत्र नको. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तेउकायाची विराधना टाळायची असते, तिथे टेप काय आणि फोन काय, दोन्ही बाहेर. टेपाची वेळ ती, जेव्हा आपण भाजी निवडतो, धान्य पाखडतो. त्या वेळी फोनपेक्षा टेप बरा, कारण टेपावर एक कॅसेट लावली की तीच वाजते. फोनवर स्तवन लावायला हात गेला आणि कुणाच्या लग्नाचे फोटो बघत अर्धा तास गेला, हे आपल्याला नवीन नाही.

आणि जो टेप खरंच दुरुस्त होत नाही? त्याचे कामाचे भाग कारागिराला द्या. उरलेलं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोचवा. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, अशा वस्तू नोंदणीकृत केंद्रातच मोडल्या जाव्यात असा त्यांचा रोख आहे. उघड्यावर वायर जाळून तांबं काढलं जातं तेव्हा धूर कुणाच्या तरी छातीत जातो, आणि जमिनीतले जीव वेगळेच. आपल्या आठव्या व्रतात, अनर्थदंडात, प्रमादाचरण सांगितलं आहे: काही प्रयोजन नसताना, केवळ निष्काळजीपणाने झालेली हिंसा. फुटलेला सेल उकिरड्यावर टाकणं याहून त्याचं सोपं उदाहरण मला सुचत नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. मोबाईल, फ्रिजपासून शेतीच्या यंत्रांपर्यंत कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, असा त्याचा हेतू आहे. चांगलंच आहे. पण पुढची वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न आपणच विचारला पाहिजे: याची बॅटरी बदलता येते का? चार बायकांनी विचारलं की पाचव्या वेळी त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

तेव्हा या आठवड्यात पेटी उघडा. सेल आधी काढा. घरातल्या माणसाचा आवाज असलेल्या कॅसेटी वेगळ्या करा, प्रत्येकीवर नाव आणि साल लिहा. बाजारात मिळतात त्या कॅसेटींचा हट्ट सोडा. टेप कारागिराकडे न्या आणि त्याला सांगा, होता तसा करून दे, जास्त काही नको.

ज्यांच्या घरात म्हाताऱ्या सासूबाई किंवा आई आहेत त्यांना तर टेप दुरुस्त होईपर्यंतही थांबायची गरज नाही. आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, आणि नातीला ढाळ ऐकून शिकू द्या.

काही अवज्ञा-आशातना झाली असेल तर मिच्छामि दुक्कडं.