अर्थ सांगणारे आबा

उमरग्यातल्या एका घरात यंदा श्रावणात श्रीधरस्वामींचा ‘जैमिनी अश्वमेध’ लागला होता. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायला सातवीतली नात बसली आणि अर्थ सांगायला आबा. रात्रीची जेवणं उरकली की तांबड्या फडक्यातली पोथी सोडायची, दोन-चार ओव्या झाल्या की थांबायचं. जुन्या बैठकीत या जोडीला वाचक आणि सूचक म्हणत.

एके रात्री बभ्रुवाहन आला. अश्वमेधाचा घोडा त्यानं अडवलेला. पण अर्जुन आपला बाप आहे हे आईकडून कळताच तो घोडा आणि नजराणे घेऊन पाया पडायला जातो. अर्जुन त्याला पोटाशी धरायचं सोडून अपमान करतो. मग बापलेकांचं युद्ध जुंपतं आणि त्यात अर्जुनच पडतो.

नात थांबली. “आबा, बापानं असं का करावं?”

“घोड्यामागं गावोगाव फिरून डोकं फिरलं होतं त्याचं,” आबा म्हणाले.

हे वाक्य कुठल्याच पोथीत नाही.

नाझऱ्याचे श्रीधर हे मराठी घरांचे खरे लोकप्रिय कवी. ‘हरिविजय’ 1702 चा, ‘पांडवप्रताप’ 1712 चा, ‘जैमिनी अश्वमेध’ 1715 चा. पंडितांनी त्यांना ज्ञानेश्वर-मुक्तेश्वरांच्या पंगतीला क्वचितच बसवलं. घराघरानं मात्र त्यांना चौरंगावर ठेवलं, आणि या बाबतीत घरांचा कौल अधिक बरोबर वाटतो. त्यांची ओवी अडत नाही. सातवीतल्या मुलीच्या तोंडीही ती रुळते.

ओवीचं आणि या मुलखाचं नातं तसं फार जुनं. शेजारच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात सोमेश्वर चालुक्यानं ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. सीमेपलीकडच्या कानडी घरांत हाच बभ्रुवाहन लक्ष्मीशाच्या ‘जैमिनी भारता’तून भेटतो. उमरग्याच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडतात, तेव्हा ही गोष्ट एकाच पेठेत दोन भाषांत नांदत आली म्हणायला हरकत नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. त्या काळात कित्येक घरांतलं मराठी वाचन पोथीच्याच आधारानं टिकलं.

जुनी काव्यं जपण्याचं हे वेड आपल्याकडेच आहे असं नाही. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे चौदाव्या शतकातलं इंग्रजी वीरकाव्य. नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवा योद्धा घुसतो, स्वतःचं मुंडकं उडवून घेतो आणि तेच हातात धरून चालता होतो! या काव्याचं एकच हस्तलिखित उरलं आहे. इंग्रजी लेखक टॉल्किननं 1925 मध्ये ई. व्ही. गॉर्डन यांच्यासह त्याची संहिता छापली. त्यानं केलेला अनुवाद मात्र तो गेल्यावर, 1975 मध्ये, मुलानं म्हणजे ख्रिस्तोफरनं प्रसिद्ध केला. बापाचं काम लेकानं पुरं केलं. बभ्रुवाहनापेक्षा बरंच शांतपणे.

श्रीधरांच्या पोथ्या छापलेल्या आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती आबांच्या अर्थाची. बभ्रुवाहनाच्या मणिपूरचा तट समजावताना ते नळदुर्गाचा तट दाखवतात, सैन्य किती होतं हे तुळजापूरच्या यात्रेच्या गर्दीवरून सांगतात आणि आवडता प्रसंग आला की तीन ओव्यांना अर्धा तास घेतात. यातलं काहीच छापलेलं नाही.

नागलोकातल्या मण्यानं अर्जुन उठला त्या रात्री नात टाळ्या पिटत होती. आबा डोळे पुसत होते. मोतीबिंदूचं पाणी म्हणाले.

दिवाळीची झाडलोट झालीच असेल. माळ्यावरून पोथी निघाली असली तर ती परत वर टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, एक अध्याय वाचा आणि ते सांगतील तो अर्थ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. उतरवून आमच्याकडे धाडलात, तर पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.